शंकेचा डबा

"बाबा, माझ्यामुळे बिघडलाय का रे तो?"

लेकीने हे विचारलं तेव्हा मी टेबलाखाली आडवा पडलेलो, मान वाकडी, पीसीच्या कॅबिनेटचं झाकण बाजूला, नाकात धूळ आणि बाहेर जुलैचा पाऊस खिडकीच्या ग्रिलवर थडाथड वाजतोय. उत्तर द्यायला मला एक सेकंद उशीर झाला. एकच. त्यानंतर मी "छे गं, काहीतरीच काय" वगैरे जे म्हणायचं ते म्हटलं, अगदी हसूनबिसून म्हटलं, पण तो सेकंद होऊन गेला होता. तोंडात टॉर्च होता म्हणून उशीर झाला असं मी नंतर स्वतःला सांगितलं. रात्री गादीवर पडल्यावर ते काही पटेना.

कारण खरं सांगायचं तर मला तेच वाटत होतं. तिच्यामुळेच.

झालं होतं असं की बारावीनंतर तिला ते थ्रीडीचं खूळ लागलं, ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर शिकायचंय म्हणाली, आणि लॅपटॉपवर ते चालवलं की पंखा असा सुटायचा की बायको किचनमधून विचारायची मिक्सर कोणी लावलाय. नवा तयार पीसी घ्यायचा तर किमती ऐकून डोळे पांढरे. मग माझ्यातला जुना किडा वळवळला. नव्याण्णव साली मी ठाण्यात नौपाड्याला एका क्लासला हार्डवेअरचा कोर्स केलेला, पुढे दोन-तीन वर्षं सोसायटीतल्या, ओळखीतल्या लोकांना सेलेरॉनवाले पीसी असेंबल करून दिलेले, त्यातल्या निम्म्या लोकांनी पैसे बुडवले आणि उरलेल्यांनी पुढची दहा वर्षं प्रिंटर चालत नाही म्हणून फोन केले. तरी तो काळ मजेचा होता. म्हटलं आपण घरीच बांधू. तूच बांध, मी नुसता शेजारी बसतो.

एका शनिवारी दोघं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. फास्टने दादर, तिथून पश्चिमेची स्लो, ग्रँट रोडला उतरून चालत. मी पंधरा-एक वर्षांनी तिथे पाय ठेवत होतो. अर्धे गाळे आता सीसीटीव्हीचे झालेत, पण तो वास तसाच आहे, नव्या प्लास्टिकचा, थर्मोकोलचा आणि फूटपाथवरच्या वड्याचा मिळून जो होतो तो. सेकंडहँड रायझेन 5 2600 प्रोसेसर घेतला, मदरबोर्ड नवीन, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एसएसडी, एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड. दुकानदार म्हणाला एसएमपीएस (पीसीच्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) कोणता देऊ. आणि मी छाती काढून म्हणालो, तो आहे आमच्याकडे. एकदम दणकट आहे. 2011 चा. 450 वॉट. हातात घेतला तर वीट घेतल्यासारखा. आमच्या वेळी एसएमपीएस असाच निवडायचे, हातात तोलून, कलिंगड टिचक्या मारून घेतात तसं. दुकानदार काही बोलला नाही, नुसतं बघितलं. ते बघणं मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

घरी आलो आणि तिने जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की या प्रोसेसरला पोटाखाली पिना असतात, 1331, म्हणजे अकराचा घन (हा आकडा मला का आवडतो माहीत नाही, पण आवडतो), आणि सगळ्या केसासारख्या बारीक, सोन्याच्या मुलाम्याच्या. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, आपोआप बसतो. मी म्हटलं मी ठेवू का. ती म्हणाली नको, मी. आणि ठेवताना तिच्या हातातून तो निसटला, सॉकेटच्या लिव्हरवर टेकला, आणि कोपऱ्यातल्या दोन पिना वाकल्या. तिचा चेहरा असा झाला की मला पुढचं काही बोलवेना. मग लीड संपलेली पेनपेन्सिल घेऊन, तिचं नळीसारखं टोक पिनेवर बसवून, श्वास धरून तिनेच त्या पिना सरळ केल्या, एक आणि मग दुसरी, जुन्या लायब्ररी कार्डाची कड ओळीतून फिरवून बघितली, अडकली नाही. प्रोसेसर खाली बसला. पीसी चालू झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या, बायकोने शिरा केला.

आणि चौथ्या दिवशी तो पहिल्यांदा गेला.

गेला म्हणजे कसा, तर काही न बोलता. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. कधी जागच्या जागी थिजायचा, माउस हलवा, कीबोर्ड बडवा, काही नाही, घड्याळ 9:42 वर थांबलेलं. कधी स्वतःच रीस्टार्ट होऊन साळसूदपणे लॉगिनच्या पानावर येऊन बसलेला असायचा, जणू काही झालंच नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं की एकच ओळ, कर्नल-पॉवर 41. आणि ही 41 म्हणजे निव्वळ थापेबाजी आहे, तिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो. अरे ते मलाही माहीत आहे बाबा! का नाही झालास ते बोल. शेजारच्यांच्या घरी चोरी झाल्यावर वॉचमन सांगतो ना, "साहेब, चोरी झाली आहे," तसं.

पूर्ण बंद पडलेली गोष्ट दुरुस्त करणं सोपं असतं हो. मेलेला पीसी सरळ माणसासारखा असतो, एकेक पार्ट काढा-घाला, कुठेतरी जीव येतो, सापडला. पण हा जो मधूनमधून बिघडतो ना, तो छळतो. तुम्ही बघत असलात की गुणी बाळ. पाठ वळली की गेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो तुम्हाला खोटे विजय देतो. मी रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले (हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे, आणि हसू नका, बरेचदा चालतो), पीसी दीड दिवस चालला, मी ऑफिसात जाऊन सांगितलं सापडलं म्हणून, संध्याकाळी घरी आलो तर थिजलेला. मग एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारं सेटिंग, बंद केलं. रॅमच्या पाकिटावर 3200 लिहिलेलं असलं तरी या प्रोसेसरला अधिकृतपणे 2933 पर्यंतच मान्य आहे, वरचं सगळं आपल्या हौसेखातर, त्यामुळे संशयाला जागा होती. दोन दिवस. पुन्हा गेला. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट पेनड्राइव्हवर घालून रात्रभर लावला, चार पास, मधे तीनदा उठून बघितलं की लाल ओळ आली का, आजारी माणसाचा ताप बघायला उठतात तसं, आणि सकाळी स्क्रीनवर हिरवागार पास. रॅम निर्दोष. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. गुन्हेगार सुटल्यासारखं वाटलं.

मग कॅबिनेटच्या रीसेट बटणाची वायर बोर्डावरून काढून ठेवली, कधीकधी ते बटण आतून चिकटतं म्हणून. बोर्डावरचा सीआर2032 चा सेल बदलला. ग्राफिक्स कार्ड काढून बघावं तर या प्रोसेसरला स्वतःचं डिस्प्ले नाहीच, कार्ड काढलं की स्क्रीन काळा. पावसात आमच्या घोडबंदर रोडला लाइटचा खेळ चालतो, दिवे मिचमिचतात, म्हणून यूपीएस उसना आणला, तरी तेच. प्रोसेसर तापत असेल म्हणून पेस्ट पुन्हा लावली. प्राइम95, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्राम, लावून दोन तास नुसता पिळून काढला, पट्ठ्या हलला नाही. मग तिने ब्लेंडरमध्ये एक मोठा सीन रेंडरला लावला, तीन तास, तोही बिनबोभाट पूर्ण. आम्ही खूश होऊन जेवायला बसलो, आणि भात वाढेपर्यंत आतल्या खोलीतून ती एक बारीक टिक् ऐकू आली, रीस्टार्टची.

आता उरलं काय? बोर्ड आणि प्रोसेसर. आणि प्रोसेसर म्हटला की त्या दोन पिना. त्याच दिवशी मी टेबलाखाली होतो आणि तिने विचारलं.

एसएमपीएसचं नाव माझ्या यादीत नव्हतं का? होतं. पण मी त्याला मीटर लावून क्लीन चिट दिलेली. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला यू-पिनने जोडली की तो बोर्डाशिवाय चालू होतो, तसा चालू करून पिवळ्या वायरवर बघितलं, 12.09 व्होल्ट. 11.4 ते 12.6 मध्ये असला की पास. हा तर सोन्यासारखा. मी तर लेकीला दाखवलंसुद्धा, बघ, तेरा-चौदा वर्षांचा आहे, आणि बघ.

आमचे आप्पा वागळे इस्टेटला मेंटेनन्स फिटर होते. आता तिथे काचेच्या बिल्डिंगा झाल्यात, लोक पासपोर्टला जातात, पण माझ्या लहानपणी त्या रस्त्यांवर शिफ्ट सुटली की सायकलींची रांग असायची आणि कटिंग ऑइलचा वास सहाच्या सुमारास किसननगरपर्यंत यायचा. आप्पांच्या शर्टालाही तो असायचा, आई वेगळी बादली ठेवायची. मशीनचं बेअरिंग गेलंय का ते बघायला आप्पा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटून ऐकायचे. एकदा मला नेलेलं रविवारी, माझ्याही कानामागे टेकवला होता, मला नुसती घरघर ऐकू आली, ते म्हणाले "खडखड ऐकू येत्येय? मधेच?" आणि मी हो म्हणालो, कारण त्यांना हो हवं होतं.

त्यांची एक गोष्ट घरात शंभरदा सांगून झालेली आहे. एक प्रेस होता, रोज दुपारी चारच्या आसपास ट्रिप व्हायचा. सकाळी नाही, रात्री नाही. मोटर बघितली, वायरिंग बघितलं, ऑपरेटर बदलला, त्या बिचाऱ्याला तर साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं की तूच काहीतरी करतोस. शेवटी आप्पा एक दिवस स्टूल घेऊन त्या मशीनसमोर नुसते बसले. हात न लावता. अख्खी शिफ्ट. आणि पावणेचारला त्यांना दिसलं की वरच्या फुटक्या पत्र्यातून उन्हाचा एक कवडसा सरकत सरकत बरोबर कंट्रोल पॅनलवर आला. आत ओव्हरलोड रिले, तो उष्णतेवरच चालतो, पत्रा तापला की रिले तापला, रिले तापला की ट्रिप. पत्रा बदलला, संपलं. आप्पा ही गोष्ट संपवताना नेहमी ऑपरेटरचं सांगायचे, की साहेब त्याच्याकडे परत काही गेले नाहीत. माफीबिफी काही नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा आला आणि मशीनला लागला.

आणि त्यांचे ते तीन डबे. बिस्किटांचे पत्र्याचे मोठे डबे, त्यावर तेलरंगाने लिहिलेलं, चांगले, खराब, शंका. घरचं काही उघडलं की निघालेला प्रत्येक स्क्रू, स्विच, कपॅसिटर, मिक्सरचं कपलर, तीनपैकी एका डब्यात. शंकेचा डबा कायम गच्च भरलेला असायचा. मी विचारायचो, शंका आहे तर फेकून का नाही देत? ते म्हणायचे, शंका आहे म्हणजे अजून खराब ठरला नाही ना.

मला हे सगळं आठवत होतं आणि तरीही मी त्या पिनांवरच अडकलो होतो. मनातल्या मनात बोर्ड आणि प्रोसेसरचे पैसे मोजत होतो, तिला न कळता तो बदलून आणायचा आणि दुसरंच काहीतरी कारण सांगायचं असा उदार बेतही केला होता. बापाचा मोठेपणा! आता लिहिताना लाज वाटते.

सापडलं ते तिच्या वहीमुळे. मी पार्ट बदलत सुटलेलो असताना ही बया गुपचूप एका जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत नोंदी करत होती. तारीख, वेळ, आणि पुढे काय चालू होतं. ती वही तिने माझ्यापुढे ठेवली, काही बोलली नाही. मी वाचत गेलो. "9:42, जेवायला गेलो होतो." "4:15, आई दळण आण म्हणाली, खाली गेले." "11:30, फोनवर होते." "7:10, रेंडर संपलं, कोणी नव्हतं." चौदा नोंदी. एकाही नोंदीत ती काम करत नव्हती. मला पहिल्यांदा वाटलं योगायोग. मग अंगावर काटा आला. अरे, हा कामात असताना जातच नाही! प्राइम95 मध्ये जात नाही, रेंडरमध्ये जात नाही, मेमटेस्टमध्ये जात नाही, कारण तीही एक हमालीच आहे. हा आराम करायला लागला की जातो. मी तीन आठवडे त्याला धावायला लावून बघत होतो की दम लागतो का, आणि हा गडी झोपेत मरत होता.

पुढचं कोडं मग अर्ध्या तासात सुटलं. हल्लीचे प्रोसेसर काम नसलं की आपले कोअर गाढ झोपवतात, इतके की प्रोसेसरला जाणाऱ्या 12 व्होल्टच्या लाइनवर करंट जवळपास शून्याला टेकतो. जुने एसएमपीएस बनले तेव्हा इतकं कमी मागणारं गिऱ्हाईकच नव्हतं. 2013 ला इंटेलचे हॅसवेल आले तेव्हा हाच घोळ झालेला, 0.05 अँपिअरवरही तग धरायची अट आली आणि मग एसएमपीएसवाले खोक्यांवर 'हॅसवेल रेडी' छापायला लागले. माझा वीटवाला 2011 चा. मीटरवर 12.09 दाखवणारा, कारण मीटर त्याला तो प्रश्न विचारतच नव्हता. रायझेनच्या बोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांत) यासाठी चक्क एक सेटिंग आहे, पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल, ते ऑटोवरून टिपिकल करंट आयडल करायचं, म्हणजे प्रोसेसर झोपला तरी थोडा जागा राहतो. ते केलं. नऊ दिवस एकदाही गेला नाही. आम्ही मुद्दाम त्याला एकटं सोडून उपवनला फिरायला गेलो, पावसात कणीस खाल्लं, परत आलो, घड्याळ चालू.

पण ही झाली मलमपट्टी. आणि पीन की एसएमपीएस याचा निकाल त्यातून लागत नव्हता, झोपायला त्रास तर प्रोसेसरलाही होऊ शकतो. म्हणून नवा एसएमपीएस आणला आणि सेटिंग परत होतं तसं ऑटोवर ठेवलं. बाकी कशाला हात लावला नाही. आज पाच आठवडे झाले. वहीत पंधरावी नोंद नाही.

तिला सांगितलं मी. म्हणजे असं, पोळी खाताखाता, "तो जुना एसएमपीएस होता गं," इतकंच. नवा मीच घेऊ दिला नव्हता, पैसे मीच वाचवले होते, हे वाक्य घशापर्यंत आलेलं, आमटीबरोबर खाली गेलं. ती "अच्छा" म्हणाली आणि लोणचं मागितलं. मला वाटलं झालं.

मग परवाच्या रविवारी बायकोने फर्मान काढलं की ती वीट टेबलाखालून हलवा, पायाला लागते. लेक म्हणाली ओएलएक्सवर टाकूया, व्होल्टेज तर येतायत. म्हटलं नको, दुसऱ्या कोणाच्या तरी घरी हाच तमाशा. आप्पा गेल्यावर त्यांचे डबे आमच्याच माळ्यावर आलेत, पण यात काही हा मावणार नव्हता, म्हणून तिने त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून वर सेलोटेप मारला आणि हातात मार्कर घेऊन माझ्याकडे बघितलं.

"खराब लिहू?"

"शंका लिही," मी म्हणालो. "जुन्या पीसीला चालेल तसा तो."

तिने लिहिलं. अक्षर आप्पांसारखंच आहे तिचं, शेवटचा काना जरा जास्त लांब. मग मार्करचं टोपण लावता लावता, वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी तू थांबलेलास."

मी म्हटलं, "कधी?"

"मी विचारलं तेव्हा. माझ्यामुळे का म्हणून."

"अगं तोंडात टॉर्च होता माझ्या."

"टॉर्च मी धरलेला, बाबा."

मी काहीच बोललो नाही. तिने वीट माझ्या हातात दिली, स्टूल माळ्याखाली ओढलं आणि त्याचा डुगडुगणारा पाय नेहमीसारखा पायाने दाबून धरला. "चढ," म्हणाली. "मी पकडलंय."